सत्यवाणी

तोतोएसने ओल्या फडक्याने दगडावरची धूळ पुसली आणि खोदलेल्या चिन्हांवरून बोट हळूहळू खाली आणलं. इसिसदेवीच्या देवळात स्तोत्रं म्हणणारा हा म्हातारा मूळचा इजिप्तचा. इटलीतल्या नेआपोलिसजवळच्या या गावात ती चित्रलिपी वाचणारा दुसरा कोणी नव्हता. नाईलकाठी घडवलेला खांब कालच देवळासमोर उभा राहिला होता.

“वाच की, म्हातारबा,” वीबियस म्हणाला. खांब त्यानेच वाहिला होता. “माझं नाव सापडलं का?”

“सापडलं, मालक. ‘इसिसमातेसाठी हे उभारलं वीबियस सेलेरने...’”

बोट थांबलं. पुढची चिन्हं त्याने पुन्हा पुसली.

“पुढे?”

“‘सत्यवाणी.’”

“वा! ऐकलंस का गं? दगडसुद्धा म्हणतोय, मी खरं बोलतो!”

मागे उभी असलेली त्याची बायको ताएसिस हसली नाही.

“ही अशीच,” वीबियस म्हणाला. “पहिली मुलगी झाली. मला नको होती, उकिरड्यावर ठेवायला लावली. आम्हा रोमनांत चालतं ते. पाच वर्षं झाली, हिच्या तोंडून शब्द नाही. शेवटी म्हटलं, तुमच्या देवीला खांब वाहतो, मजकूर तूच माहेरी, इजिप्तला जाऊन लिहून घे. तर गेली बापडी.”

तोतोएसने चिन्हांवरचं बोट मागे घेतलं. त्याच्या गावी ‘सत्यवाणी’ हा शब्द थडग्याथडग्यावर असे. मेलेल्याचा परलोकी निवाडा झाला, की तो त्याच्या नावापुढे लावत. चालत्याबोलत्या माणसाच्या नावापुढे त्याने तो कधी पाहिला नव्हता.

“मालक, इथे खोदणाऱ्याचा हात चुकलाय. तेवढं घासून टाकू या.”

“चुकलाय? अरे, यात चूक कसली!”

ताएसिस पुढे आली. नवऱ्याला न कळणाऱ्या, नाईलकाठच्या बोलीत ती हलकेच म्हणाली,

“आजोबा, तुम्ही बरोबर वाचलंत. आता राहू द्या.”

वीबियस दचकला. “बोलली! काय म्हणाली रे?”

तोतोएसने तिच्याकडे पाहिलं. डावा हात तिने कोपरात वाकवून छातीशी धरला होता. त्यात काहीच नव्हतं.

“तुमच्यासाठी देवीकडे मागणं मागतेय, मालक.”

“काय मागतेय?”

“जे लिहिलंय, तेच.”

वीबियसचे डोळे भरून आले. त्याने रंगाऱ्याला हाक मारली आणि ती चिन्हं चांगली ठळक लाल करायला सांगितली.