हरल्यानंतरचे आभार

आमच्या मतदारसंघाचा इतिहास एका दमात सांगून होतो. आधी वकीलसाहेब खासदार झाले आणि म्हातारे होईपर्यंत होतच राहिले. मग गादीवर त्यांचा मुलगा. त्याला डॉक्टरांनी पाडलं. पुढच्या वेळी मुलानं डॉक्टरांना पाडलं, तेही डॉक्टरांच्याच पक्षाचं तिकीट पळवून. आणि या प्रत्येक निकालात तळाला, अपक्ष, माझी मावशी. टायपिंगचा क्लास चालवणारी, बिनलग्नाची आणि कुणाच्या बापाचं न ऐकणारी.

घरात म्हणायचे, हिला हरायची हौसच आहे. पण तिचं एक ठरलेलं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी चपला घालून निघायची आणि आमच्या भागातलं एकेक दार वाजवून आभार मानायची. मत कुणी दिलं, कुणी नाही, हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून सरसकट सगळ्यांचे. निवडून आलेले मात्र पाच वर्षं फिरकायचे नाहीत.

यंदा प्रचार करता करताच तिच्या गुडघ्यांनी हात टेकले. मतदान झाल्यावर ऑपरेशन झालं, मग निकाल लागला आणि मावशी रीतसर आपटली. त्याचं तिला काही नव्हतं. आभार राहणार, याचा मात्र तिनं इतका घोर लावून घेतला की जेवणाचं ताट तसंच सरकवलं.

"फोन कर ना सगळ्यांना," मी म्हटलं.

"मत मागायला दारात, आणि आभार फोनवर? शोभतं का ते?"

शेवटी शेजारच्या नर्सबाईंकडून चाकाची खुर्ची मागून आणली. तोंडानं कुरकुरत, हातानं ढकलत मी निघाले.

"आधी शिंपीकाकांकडे," मावशीनं हुकूम सोडला.

शिंपीकाका दुकानाच्या वर राहतात. अरुंद जिन्यावर खुर्ची चढणं शक्यच नव्हतं, म्हणून मी खालूनच हाक मारली. ते गळ्यातल्या टेपसकट खाली उतरले.

"काका, मनापासून आभार," मावशी म्हणाली.

त्यांनी टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळली. मग म्हणाले, "बाई, आता राहवत नाही. मी तुम्हाला एकदाही मत दिलेलं नाही. इतकी वर्षं फुकटचे आभार घेतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुखऱ्या गुडघ्यांनी ही बाई यांचा जिना चढत होती, आणि हे! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीनं माझा हात दाबला.

"अंदाज होताच मला," ती म्हणाली.

"मग आभार कशाचे?"

"दार उघडता, त्याचे. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा बाई मत मागायला आली म्हणून अख्ख्या गल्लीनं दारं लावून घेतली होती."

काका पुटपुटले, "मी तर तुमच्या तोंडावर आपटलं होतं."

"हो. आणि पुढच्या निवडणुकीला तुम्हीच उघडलंत. या, बसा म्हणालात. तुमचं बघून समोरच्यांनीही उघडलं. त्या दिवशी तुम्ही उघडलं नसतंत, तर मी तिथूनच परत फिरले असते, कायमची."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. अशी मावशी माझ्या वाट्याला आली याबद्दल मलाच कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले.

काकांनी वर तोंड करून बायकोला दुकानात बसायला सांगितलं आणि खुर्चीच्या दांड्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

"पुढचं घर कुठलं, बाई?"

मावशीनं समोरच्या दाराकडे बोट दाखवलं.