कमलाबाईंच्या वाडीचा पाइप

भरली बादली उचलताना पाय घसरला आणि कमलाबाईंचा गुडघा धरला. त्या दिवसापासून त्यांच्या नवऱ्याने, वामनरावांनी एकच धोशा लावला. घरामागची वाडी बंद करायची. गोंडपिपरीच्या उन्हात चार वांगी जगवायला बादल्यांवर बादल्या कशाला ओतायच्या?

"फरश्या टाकू. ना चिखल, ना गवत," ते म्हणाले.

"माह्या वाडीत? मी जित्ती आहे अजून. पाइप आणा."

त्यांनी आणला. हिरवा, पातळ, आखूड. पहिल्याच कोपऱ्यावर तो मुडपला. जोर लावून ओढला तर नळावरून निसटला आणि वामनरावच भिजले. "पाह्य! म्हणलो होतो ना?" म्हणत त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. उद्याच ये, फरश्या घेऊन.

कमलाबाईंनी कपडे वाळवायची दोरी सोडली, नळापासून वळणं घेत वाडीच्या टोकाला, शेजारच्या बुद्धविहाराच्या भिंतीपर्यंत ताणली, तिथे मापाची गाठ मारली आणि ती दोरी नि तो हिरवा पाइप काखेत घेऊन लंगडतच दुकान गाठलं.

"बाई, भाऊले पाठवा ना. त्याइले समजते," दुकानदार म्हणाला.

"झाडाइले पाणी मी घालते. पाइपही मीच घेईन."

त्याने सगळ्यात जाड पाइप काढला. "हा घ्या. हत्ती गेला तरी दबणार नाई."

कमलाबाईंनी टोक धरून ओढून पाहिलं. गुडघ्यातून कळ आली. "माह्या वाडीत हत्ती नाई फिरत, मी फिरते. मले ओढता येईल असा दाखवा."

मग आतून जाळी असलेला आला. त्यांनी तो दुमडला, मुडपला नाही. "आता पाणी सोडून दाखवा."

"इथी? दुकानात?"

"मंग कुठी? तुमचा पह्यला घरी नेला त आमचे हे भिजले."

दुकानात हशा पिकला. दुकानदाराने गुमान दोरी रस्त्यावर अंथरली, तेवढा पाइप मोजला, पाणी सोडलं. दुसऱ्या टोकाला धार जोरात आली, तेव्हाच त्या 'कापा' म्हणाल्या. पाइपच्या टोकाला नळाच्या जोडाची पट्टी घट्ट आवळून देत तो म्हणाला, "उन्हात नका ठेवू बाई, तडकते."

सकाळी फरश्यांचा ट्रॅक्टर दारात उभा राहिला. कमलाबाई वाडीत स्टुलावर बसून शेवटच्या वाफ्यात पाणी सोडत होत्या.

"भाऊ, कुठी टाकाच्या?" मिस्त्रीने विचारलं.

वामनरावांनी बायकोकडे पाहिलं. त्या उठल्या नाहीत. "दारासमोर टाका, ह्यांच्या खुर्चीपुरत्या. वाडीत कोणी पाय ठेवायचा नाई."

"घर माहं नाई का?" वामनराव कडाडले.

"आहे ना. वाडी माही आहे."

धार तशीच चालू होती. मिस्त्री मागे सरला आणि दारासमोरच्या मोकळ्या जागेत मापाची दोरी धरायला लागला.

वामनराव आठवडाभर फुगून बसले. पण ऊन चढलं की दारातल्या फरश्या तव्यासारख्या तापत. मग खुर्ची उचलून ते गुमान वाडीतल्या लिंबाखाली येत. कमलाबाई पाणी घालत तिथवर आल्या की तेवढं सांगत, "पाय वर घ्या."