दयाळ पक्ष्याचा धडा

शाळेने ‘निसर्गताई’ आणली तेव्हा तिला अंगबिंग काही नव्हतं, नुसता आवाज होता. गोल डब्यातून पाझरणारा, साखरेच्या पाकात बुडवून काढलेला. तो डबा पहिलीच्या पोरांबरोबर बागेत मिरवायचं काम नववीतल्या एका मुलीकडे आलं. तिला सगळे भोंगा म्हणत. का, ते तिने तोंड उघडलं की कळायचं. आज नीट पार पडलं तर दर शनिवारी छोट्यांना बागेत न्यायचं काम तुझंच, असं बाईंनी कबूल केलं होतं, आणि भोंगा आठवडाभर हवेत होती.

“मुलांनो, शांत व्हा. निसर्गाचं ऐका,” निसर्गताई म्हणाली आणि निसर्गाला तोंडही उघडू न देता बासरी वाजवू लागली.

“समोर तळं दिसतंय ना?”

समोर सायकल स्टँड होता. पोरांनी एका सुरात “होऽऽ” केलं. बाई खूश!

“आता ऐका दयाळ पक्ष्याची शीळ. नावासारखाच मायाळू हो!”

डब्याने शीळ घातली मात्र, शेजारच्या झाडाच्या ढोलीपासून एक खराखुरा काळा-पांढरा दयाळ सुटला तो थेट डब्यावर. आपल्या घरात हा कोण उपटसुंभ? चोचीतली अळी पडली, शेपूट ताठ झालं, आणि त्याने डब्याला असं झोडपलं की मायाळूपणाची लक्तरं निघाली.

“अगं, हाकल त्या पक्ष्याला!” बाई ओरडल्या. “पक्ष्यांचा धडा चालू आहे!”

ढोलीत पिल्लं कलकलत होती. त्यांचा घास मातीत, आणि बाप प्लॅस्टिकशी कुस्ती खेळतोय! डबा काही दमणार नव्हता. पक्षी मात्र चोच वासून धापा टाकत होता.

भोंग्याने बटण बंद केलं.

“कुणी सांगितलं तुला?”

“बाई, त्याची पिल्लं उपाशी आहेत.”

“परत लाव. नाहीतर शनिवार विसर.”

भोंग्याने डबा दप्तरात कोंबला, चेन ओढली.

“विसरले, बाई.”

पक्ष्याने इकडेतिकडे बघितलं, अळी उचलली आणि ढोलीत शिरला.

“पिल्लं! पिल्लं!” पोरं किंचाळली.

“गप्प बसा! पिल्लांचा धडा पुढच्या महिन्यात आहे!”

शनिवार दुसऱ्या मुलीला मिळाला. ती बटणाला हातही लावत नाही म्हणे. गुणाची पोर! बागेच्या ढोलीकडच्या टोकाला मात्र बाई आता फिरकत नाहीत.