बारा टक्के

ओंकारने कागदावर ठसठशीत ‘१२%’ लिहिलं, त्याभोवती गोल काढला आणि कागद बाबाजान बागवानांपुढे सरकवला. त्यांनी तो दोन बोटांनी परत सरकवला.

“न्हाई जमायचं.”

अल्मास चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. महिनाभराची मेहनत पाण्यात! वडिलांच्या मागे लकडा लावून लावून तिने कसंबसं आज म्युच्युअल फंडाचं काम करणाऱ्या ओंकारला नगरहून बोलावलं होतं. फळांचा गाळा विकून आलेले तीन लाख आठ वर्षं कपाटात पडून होते. व्याज घ्यायचं नाही, म्हणून बँकेत ठेव नाही. पैसे ठेवले होते आलियाच्या, अल्मासच्या मुलीच्या, शिक्षणासाठी. पोरगी नववीत पोचली, कॉलेजांच्या फिया दुपटीवर गेल्या आणि कपाटातले तीन लाख तीनच लाख राहिले.

“चाचा, यात व्याज नाही,” ओंकार म्हणाला. “हजारो लोकांचे पैसे एकत्र करून फंड कंपन्यांचे शेअर घेतो. बँका, दारूवाले वगळलेला फंड मुद्दाम शोधून आणलाय.”

“मंग हे बारा कशाचं? आधीच ठरलेलं म्हंजे व्याजच की.”

“ठरलेलं नाही हो. पण पक्कंच समजा.”

“आन् बुडालं तर?”

ओंकारने बॅगेतून फॉर्म काढला. अल्मासने ट्रे खाली ठेवला आणि फॉर्मच्या तळाची बारीक अक्षरं वाचली.

“बाजार पडला तर मुद्दलही कमी होऊ शकतं, अब्बा.”

आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे तिला कळत होतं. पण वडिलांशी खोटं बोलायची तिची छाती नव्हती.

“कुनाकुनाचं कमी हुतं?” बाबाजानांनी ओंकारला विचारलं.

“सगळ्यांचंच. ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढं.”

“आन् फंडवाल्याचं?”

ओंकारचे कान लाल झाले. “तो त्याची फी घेतोच, चाचा. नफा होवो की तोटा.”

“आडत्या घेतो तशी.” बाबाजान पहिल्यांदाच हसले. मांडी नीट घालून बसले.

“आमी पाच जन राहात्याला पेरूची बाग घ्यायचो, फुलावर असतानाच. एकट्याची कुनाची ऐपत न्हवती. एका साली गारपीट झाली, सगळा सडा खाली. त्यातला गहिनीनाथ आपल्या वाट्याच्या तोट्याचं पैसं घेऊन सोताहून घरी आला. मी मागितलं न्हवतं. फुडच्या साली त्याच पाच जनांनी पुन्यांदा बाग घेतली.”

अल्मासने ही गोष्ट लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. आज मात्र ती कानात प्राण आणून ऐकत होती.

“तोट्यातबी वाटा, तर हे व्याज न्हवं. पन एकदम तीन लाख न्हाई,” बाबाजान म्हणाले. “सगळं एकाच बहाराला लावत न्हाईत. म्हैन्याला धा हजार.”

“चालेल की!” ओंकारने घाईघाईने फॉर्म पुढे केला आणि सहीची जागा दाखवली.

बाबाजानांनी पेन घेतलं आणि ते परत ओंकारच्याच हातात दिलं. मग त्या गोलावर बोट ठेवलं.

“आधी हे खोड.”

ओंकारने बारा टक्क्यांवर एक रेघ मारली. म्हातारा बघतच राहिला, तशी त्याने आणखी एक मारली, मग आणखी दोन. आकडा पार दिसेनासा झाल्यावर बाबाजानांनी पेन मागून घेतलं आणि सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

“अल्मास,” ते म्हणाले, “चहा निवला बघ. पोराला दुसरा कर.”