माझं दूध आणि कुंदनच्या प्लेटलेट

मी कबरी बोलतेय. उधना या गुजराती कापडवस्तीतल्या एका गल्लीत निंबा आणि भागीरथी हे नवरा-बायको राहतात, त्यांच्या दारात बांधलेली बकरी. एरवी मला कुत्रंही विचारत नाही. डेंगूची साथ आली, की मात्र मी 'कबरीबेन' होते. लोक तांब्या घेऊन रांग लावतात. माझ्या दुधाने प्लेटलेट वाढतात म्हणे. हे कोणी ठरवलं कोण जाणे, मला तर विचारलं नव्हतं.

यंदा साथ आमच्याच घरात शिरली. कापडाच्या लूमवर काम करणारा त्यांचा मुलगा कुंदन तापाने फणफणला. कोपऱ्यावरच्या लॅबमधल्या स्नेहाबेनने रक्त तपासलं. एनएसवन पॉझिटिव्ह, म्हणजे डेंगूच; पांढऱ्या पेशी कमी. "ताप उतरला की परत रक्त द्यायला या. प्लेटलेट तेव्हाच घसरतात," असं तिने बजावलं. भागीरथीला काही ते पटलं नाही. ताप गेला म्हणजे आजार गेला, असं मलाही वाटलंच असतं.

ताप उतरला. "मना पोऱ्या बरा व्हयना," पोरगा बरा झाला, म्हणत भागीरथीने आनंदाने मला हळद-कुंकू लावून ओवाळलं. कुंकू नाकात गेलं, मी शिंकत बसले. रक्त द्यायचं नावच नाही. उलट कुंदनला माझ्या पाया पडायला लावलं.

तो वाकला तो वाकलेलाच राहिला. पोट धरलेलं, हातपाय गार, हिरड्यांतून रक्त. मी जिवाच्या आकांताने ओरडले. बकरीने आशीर्वाद दिला असं समजून भागीरथीने पुन्हा हात जोडले. निंबाने पोराचा चेहरा पाहिला आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यातून आल्यावर निंबाने सांगितलं, प्लेटलेट अठरा हजारांवर आल्यात आणि रक्तातलं पाणी झिरपून रक्त घट्ट झालंय. डेंगूशी लढायला शरीर बनवतं ती आयजीएम प्रतिपिंडंही आता रक्तात दिसायला लागली होती. सलाइनवर सलाइन लागलं. मला चारा गोड लागेना, खरंच सांगते.

कुंदन वाचला. प्लेटलेट हळूहळू चढल्या. दारात बसून खिचडी खातो आता.

काल शेजारची रंजना तांब्या घेऊन आली. तिच्या लहान पोरीचा ताप सकाळीच उतरला होता. भागीरथीने तांब्या बाजूला ठेवला. "दूध मंग. आधी पोरले लॅबमा ली जाय."

"अहो मावशी, पण ताप तर गेला."

"म्हणूनच," भागीरथी म्हणाली. चपला घातल्या, पोरीला कडेवर घेतलं आणि स्वतःच लॅबकडे निघाली.

दूध मी हवं तेवढं देईन हो. पण ते प्यायला आधी पोर जिवंत राहू द्या.