अंड्यांच्या घरातली उपाशी सून

लुसाका शहरातल्या कानयामा वस्तीत उजाडलं की कासोंदेची शेगडी पेटायची आणि पातेल्यात अंडी उकडायला लागायची. उकडलेली अंडी आणि तिखट-मीठ घेऊन ती बसथांब्यावर बसे. शहरात मक्याचं पीठ महागलं, मुलाला रोजची हमाली मिळेना, तेव्हापासून घर त्या टोपलीवरच चाललं होतं. घरी मात्र जेवण एकवेळचं. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला न्शिमा आणि भोपळ्याचा पाला, तोही पुरवून पुरवून.

सून मुतालेचे दिवस भरत आले होते. दवाखान्यातल्या नर्सने तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि बजावलं, "अंगात रक्त नाही तुझ्या. अंडी खा, नाहीतर बाळंतपण जिवावर बेतेल." पण गरोदर बाईने अंडं खाल्लं की पोर टकलं जन्मतं, असा घराण्याचा नेम. वा रे नेम! टोपलीभर अंडी घरात, आणि सुनेच्या वाट्याला नुसती वाफ.

त्या सकाळी टोपली भरता भरता मुताले भिंतीला धरून मटकन खाली बसली. ओठ पांढरेफटक पडले होते. नेमकी तेव्हाच कासोंदेची नणंद चोम्बा दारात उभी राहिली. घराण्यातली सगळ्यात वडील बाई ती. तिच्या शब्दाबाहेर कासोंदे जन्मात गेली नव्हती.

"आई, एक अंडं द्या मला," मुताले म्हणाली.

"ऐका! जिभेला हाड आहे का हिच्या?" चोम्बा कडाडली. "उद्या टकलं पोर घेऊन मिरवशील, आणि लोक शेण घालतील आमच्या तोंडात."

"टकलं तर टकलं, आत्याबाई. जिवंत तर असेल."

"कासोंदे, आवर हिला. अंडं तोंडात गेलं, तर नाव ठेवायला आमच्यातलं कुणी येणार नाही. सांगून ठेवते."

कासोंदे गारठली. बाळाला नाव द्यायचं ते घराण्यानं. ज्याला नाव मिळालं नाही, ते पोर वस्तीत कुणाचंच नसतं.

मुतालेने सासूच्या होकाराची वाट पाहिली नाही. तिने टोपलीत हात घातला, तशी चोम्बाने तिचं मनगट पकडलं. पोटात जीव वाढवणाऱ्या बाईचं मनगट ते, पण काटकीसारखं. म्हातारीच्या मुठीत पुरतं मावलं. कासोंदेला ते बघवेना.

"वन्सं, सोडा तिचा हात."

"मला शिकवतेस? मी नेम पाळला, तूही पाळलास. काय वाईट झालं?"

"काय वाईट झालं?" कासोंदेचा आवाज फाटला. "तुमच्या शब्दाखातर एकाही खेपेला मी अंड्याला शिवले नाही. तीन पोरं मातीत घातली. शेवटची आंघोळ तुम्हीच घातलीत त्यांना. काळेभोर, दाट केस होते तिघांनाही."

चोम्बाची मूठ सैल झाली. कासोंदेने अंडं सोललं, मीठ लावलं आणि सुनेच्या हातात दिलं. मुताले रडत रडत खाऊ लागली.

"आणि नावाचं काय?" चोम्बाने हळूच विचारलं.

"त्या तिघांना घराण्यानेच नावं दिली होती, वन्सं. हाकेला ओ द्यायला कुणी उरलं नाही." कासोंदेने दुसरं अंडं सोलायला घेतलं. "याचं मी ठेवीन."