ठरावाची नक्कल

पाण्याच्या टाकीजवळची मोकळी जागा सिनेगॉगसाठी, आपल्या प्रार्थनाघरासाठी, मिळवून देतो, असं बिन्यामिननं सगळ्यांना सांगितलं होतं. कोकणातून मुंबईमार्गे इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या त्या गावात आलेल्या ज्यू मंडळींनी १९७३ साली त्याला नगरपरिषदेवर निवडून दिलं ते त्याचसाठी. पुढं त्या जागेवर दुकानं उभी राहू लागली.

"मी एकटाच भांडलो, वहिनी. बाकी सगळे विरोधात गेले," तो सोफीबाईंना म्हणाला. नवरा गेल्यापासून हा दीरच त्यांचं सगळं बघत होता. त्यांना वाईट वाटलं ते त्याच्यासाठी.

कापड गिरणीत सोफीबाईंबरोबर काम करणाऱ्या शोशानानं सांगितलं, की सभेचं इतिवृत्त कुणाही रहिवाशाला मागता येतं. सोफीबाईंनी ठरवलं, भावजी काय भांडले ते मंडळींना वाचून दाखवायचं. त्यांना हिब्रू वाचता येत नव्हतं, म्हणून मुलीला, पाझितला, घेऊन त्या नगरपरिषदेत गेल्या. कारकून म्हणाला, फाइल सेक्रेटरीकडे आहे. दुसऱ्या खेपेला सेक्रेटरी रजेवर. मग त्या तिथल्या बाकावरच बसून राहिल्या. दुपारी कारकुनानं फाइल आणून दिली.

पाझित वाचता वाचता थांबली. महत्त्वाचं काही नाही, असं हिब्रूत पुटपुटली.

"वाच म्हणते ना."

दुकानांची सूचना बिन्यामिननंच मांडली होती. खाली त्याचेच शब्द होते: 'आमच्या लोकांना वेगळं सिनेगॉग नको. ते घरीच प्रार्थना करतात. कुणी तक्रार करणार नाही.'

नक्कल घेऊन सोफीबाई थेट त्याच्या घरी गेल्या.

"हे तुम्ही बोललात, भावजी?"

त्यानं कागद वाचून खाली ठेवला. "उपाध्यक्ष व्हायचं तर काहीतरी सोडावं लागतं, वहिनी. पुढं याहून मोठी जागा मिळवून देईन."

"मंडळींना सांगाल हे?"

"घरातलं घरात राहू द्या."

"मग मी सांगते."

रविवारी मंडळींतल्या वडीलधाऱ्या रूवेनच्या घरी सगळे जमले. पाझितनं वाचलं, सोफीबाईंनी मराठीत सांगितलं. मग रूवेन म्हणाला, "हे काढायला नको होतं, बाई. तिथं आपला म्हणून तो एकच माणूस आहे."

सोफीबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. जागेच्या अर्जावर सह्या केलेले सगळे खाली बघत होते.

पुढच्या निवडणुकीत बिन्यामिन पुन्हा निवडून आला. पेसाखच्या सणाच्या जेवणाला तो नेहमीसारखा दारात उभा राहिला. नवऱ्याचा भाऊ म्हणून सोफीबाईंनी त्याला आत घेतलं. वाढायला मात्र त्या उठल्या नाहीत.